हरेलीनंतर ठोकलेले खिळे

नोकरीतल्या बऱ्याच केसेस मी विसरलो. आरोपींची नावं गेली, काहींची तोंडंही गेली. ही एक केस मात्र गेली नाही, आणि खरं सांगायचं तर ती जावी असं मला वाटतही नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात दोन ओळीही छापून आल्या नाहीत. तरी कोणी विचारलं, साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कोणती, तर मी हीच सांगतो. ऐकणाऱ्याचं तोंड पडतं. पडू दे.

आधी माझी ओळख. माझे वडील भंडाऱ्याकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामाला आले. मी इथलाच, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी, अशी आमची तीन तोंडं. पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि ही घटना घडली तेव्हा चरोद्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. इकडे ठाणा प्रभारीला सगळे टी.आय. म्हणतात. स्वभावाने मी तापट आणि माझा हात लवकर उठायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते येणारच आहे. नावं मात्र मी कोणाचीच घेणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात.

ठाण्यात सकाळी आठला गणना होते. हजेरी झाली की बीटचे शिपाई आपापल्या भागाची खबर सांगतात. कुठे मोटारसायकल घसरली, कुठे नवराबायकोचं भांडण झालं, कोणता जुना चोर सुटून आला, असलं सगळं. त्या दिवशी एका शिपायाने सगळी खबर सांगून झाल्यावर, डायरी मिटता मिटता म्हटलं की साहेब, रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत दारांना नवे खिळे ठोकलेत.

हे वाचणाऱ्याला यात काय विशेष आहे ते कळणार नाही. आपल्याकडे ज्या दिवशी दिव्यांची अवस असते, त्याच दिवशी छत्तीसगढात हरेली असते. नांगर, कुदळी धुऊन पूजतात, राऊत, म्हणजे गावचा गुराखी, दारावर कडुलिंबाची डहाळी खोचतो आणि लोहार चौकटीत एक लोखंडी खिळा ठोकून जातो. टोनही घरात येऊ नये म्हणून. टोनही म्हणजे चेटकीण. हा वर्षाचा रिवाज आहे, त्यात कोणाचं वाईट नसतं. पण तो एकाच दिवसाचा. आता हरेली होऊन महिना उलटला होता, पोळाही झाला होता आणि गणपती तोंडावर आले होते. अशा दिवसांत खिळे कोण ठोकतं?

मी विचारलं, किती दारांना? शिपाई म्हणाला, सगळ्याच. फक्त एक घर सोडून.

मी चहाचा कप तसाच ठेवला आणि जीप काढायला सांगितली.

त्या गल्लीत रेल्वेचे गँगमन, कारखान्याचे कामगार, दूधवाले अशी मिश्र वस्ती. काही घरं पक्की, काही अर्धी कौलारू. जिच्या दाराला खिळा नव्हता ती बाई साठी ओलांडलेली विधवा होती. अंगाने काटकुळी, पण हाताचे पंजे मोठे. गल्ली तिला दाई म्हणायची. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई, आणि बाळंतपण करणारी बाईही दाईच. तीस वर्षं त्या भागातलं प्रत्येक तान्हं बाळ तिच्या पायांवर तेल लावून घेऊन, शेकून, न्हाऊन मोठं झालं होतं. आम्ही गेलो तेव्हा ती परछीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, रिकामी बसली होती. शेजारी तेलाची कटोरी होती आणि तिच्यातलं तेल सुकून कडेला चिकटलं होतं.

काय झालं म्हणून विचारलं तर काही नाही म्हणाली. तक्रार आहे का, तर तीही नाही. मी बराच वेळ बसून राहिलो. शेवटी ती एवढंच बोलली, "मैं टोनही नोहंव, साहेब." मी टोनही नाही. मी तसं विचारलंच नव्हतं.

बाकीचं शेजारच्या एका म्हातारीकडून कळलं. तीन घरं सोडून एक मराठी कुटुंब राहायचं, आमच्याच भंडाऱ्या-गोंदियाकडचं. घरचा कर्ता कारखान्यात क्रेन चालवायचा, म्हणून त्याला मी इथे क्रेनवाला म्हणतो. वय पन्नाशीचं. दहाएक दिवसांपूर्वी दाई त्याच्या अंगणात त्याच्या दोन महिन्यांच्या नातवाला तेल लावत होती. क्रेनवाला दारात आला, तिच्याकडे बघितलं आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, टोनही, टोनही, टोनही. मग आत निघून गेला. चार दिवसांनी त्या बाळाला ताप आला, जुलाब लागले, दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. बाळ बरं होऊन घरी आलं, पण तोवर गल्लीने दोन अधिक दोन करून टाकले होते.

दाईकडे बाळं येणं त्या दिवसापासून बंद झालं. नळावर ती आली की बाया आपले हंडे बाजूला ओढून घेऊ लागल्या. पोरांना तिच्या दारावरून जाऊ देईनात. लोहाराला बोलावून खिळे ठोकून झाले. आणि येत्या शनिवारी बाहेरगावचा एक बैगा, म्हणजे मांत्रिक, येऊन टोनही कोण ते सगळ्यांसमोर ओळखणार होता.

नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका ओळखपरेडीनंतर मी एका गावात पोचलो होतो. तिथून आम्ही जी बाई आणली, ती चालत आली नव्हती.

आमच्या राज्यात यासाठी स्वतंत्र कायदा आहे. एखाद्या बाईला टोनही म्हणून नुसतं दाखवलं, तरी गुन्हा. तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि गुन्हा अजामीनपात्र. मी गुन्हा नोंदवला. बैग्याला आणि त्याला आणणाऱ्यांना बोलावून प्रतिबंधक कारवाईत बंधपत्र लिहून घेतलं, तेव्हा शनिवारचं संकट टळलं. मग क्रेनवाल्याला ठाण्यात यायचा निरोप पाठवला.

तो स्वतःहून आला. अंगात कारखान्याचा गणवेश, पायात जड बूट, गळ्यात गमछा. हात जोडून उभा राहिला. आपल्याकडचा माणूस म्हणून मी मराठीत बस म्हटलं. तो बसला, डोळे तीनचारदा मिचकावले, मान एका बाजूला झटकली आणि माझ्या तोंडाकडे बघून एक शिवी हासडली. ती इथे लिहिता येणार नाही. तिच्या मागोमाग म्हणाला, "घूसखोर!" म्हणजे लाचखाऊ.

माझ्याच खोलीत, माझ्या शिपायांसमोर. मी उठलो आणि त्याच्या कानाखाली वाजवली.

त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. "माफी साहेब, चुकलं," म्हणाला, आणि म्हणता म्हणता पुन्हा तीच शिवी. दारू प्यायलाय का म्हणून तोंडाचा वास घेतला. काही नव्हतं. भिंतीवर हनुमानाची तसबीर होती. तिच्याकडे त्याची नजर गेली तर त्याने हनुमानालाही एक शिवी दिली, आणि लगेच हात जोडून डोळे मिटले. एक शिपाई तोंड फिरवून हसायला लागला. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ती सुकलेली कटोरी होती.

दोन तास विचारपूस चालली. दाईशी दुश्मनी? नाही. भिंतीवरून, नालीवरून वाद? नाही. त्याच्या मुलालाही तिनेच तेल लावून मोठा केला होता. मग मी सरळच विचारलं.

"मग तिले टोनही कावून म्हनलं?"

"म्हनलं नाई साहेब. निघालं."

"निघालं म्हणजे? तोंड कोणाचं होतं?"

"माझंच होतं," तो म्हणाला, आणि खाली मान घालून बसला.

माणूस बोलत नसेल तर त्याला त्याच्या कामाबद्दल विचारावं, ही माझी जुनी युक्ती. मी विचारलं, क्रेन कशी चालवतो रे? त्याचा चेहराच बदलला. माझा पेपरवेट, पेनस्टँड, दौत जवळ ओढली आणि वितळलेल्या लोखंडाची बादली खाली कशी उतरवायची, डावा हात काय करतो, उजवा काय, खालचा माणूस हाताने इशारा करतो तो वरून कसा दिसतो, सगळं करून दाखवलं. पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत मानेला झटका नाही, शिवी नाही, काही नाही.

सापडला लेकाचा, असं मी मनात म्हटलं. वेडाचं सोंग घेतलेले पुष्कळ आरोपी मी पाहिले होते. आवडीचा विषय निघाला की ते सोंग विसरतात. मी मुन्शीला सांगितलं, लिही, आरोपी मनात आलं तर जीभ आवरू शकतो.

आमचा मुन्शी म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणारा हवालदार. जाड चष्मा, मोत्यासारखं अक्षर, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. त्याची एक खोड होती. समोर जे होईल ते तो त्याच क्रमाने, एक शब्द न गाळता कच्च्या कागदावर उतरवून घ्यायचा आणि पक्कं मग करायचा. तो म्हणाला, साहेब, एकदा वाचून दाखवू का? आणि माझ्या होकाराची वाट न बघता वाचायला लागला. आरोपीने डोळे मिचकावले. मान झटकली. टी.आय. साहेबांना शिवी दिली. टी.आय. साहेबांनी थप्पड मारली. आरोपीने माफी मागितली. डोळे मिचकावले. मान झटकली. शिवी दिली. माफी मागितली.

थप्पडची ओळ वाचताना त्याचा आवाज तसूभर बदलला नाही. हे कोणी लिहायला सांगितलं, असं मी खेकसलो. तो म्हणाला, "हुआ था, साहब."

मग त्याने कागदावर बोट ठेवून मला दाखवलं. प्रत्येक वेळी आधी डोळे, मग मान, मग शिवी, मग माफी. क्रम एकदाही चुकलेला नाही. इतकं नेमाने सोंग कोणाला जमतं? आणि दुसरं, तो म्हणाला, हा माणूस टी.आय.ला घूसखोर म्हणतो, देवाला शिवी देतो, पोराला तेल लावणारीला टोनही म्हणतो. जिथे जे बोललं की सगळ्यात जास्त मार पडेल, नेमकं तेच बोलतो. सुटण्यासाठी सोंग करणारा माणूस मार खाण्याची गोष्ट कशाला बोलेल?

मी ती ओळ लिहू नको म्हणालो. आजही त्या मुन्शीचे उपकार मी मानतो. त्याच्या जागी होयबा हवालदार असता, तर मी सांगितलेली ओळ निमूट लिहून मोकळा झाला असता आणि एक निरपराध माणूस त्या एका ओळीवर आत गेला असता.

थोड्या वेळाने क्रेनवाल्याची बायको आली. हातात एक पिशवी. तिने ती माझ्या टेबलावर उलटी केली. तावीज, गंडे, अंगाऱ्याच्या पुड्या, कुठल्या कुठल्या बाबांच्या चिठ्ठ्या.

"साहेब, हे मुद्दाम नाई करत," ती म्हणाली. "आठ वर्साचे होते तवापासून आहे. मांडवात हे तोंडात रुमाल धरून बसले होते. मले वाटलं, दात दुखून राहिले."

मग ती सांगत गेली. सासू वारली तेव्हा तो तिरडीपाशी उभा राहून आपल्याच मेलेल्या आईला शिव्या देत होता. भावकीने त्याला तिथेच बडवला. त्या दिवसापासून तो कोणाच्या लग्नाला नाही, मौतीला नाही. गमछा तोंडात कोंबून चावायची सवय लागली, त्यात दोन दात गेले. कारखान्यात आधी खाली काम होतं, तिथे रोज मारामारी. मग त्याने साहेबांच्या हातापाया पडून क्रेन मागून घेतली. वर केबिनमध्ये माणूस एकटा असतो. खाली यंत्रांचा एवढा आवाज, की वरचं काही कोणाला ऐकू जात नाही. तीस वर्षं तो त्या उंचीवर एकटा ओरडत आला होता आणि कामात त्याची एक चूक नव्हती.

त्याला मी स्वतः रायपूरला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं, टुरेट सिंड्रोम. हे वेड नव्हे, अक्कल पूर्ण शाबूत असते. अंगाला झटके येतात, तोंडून आवाज निघतात. शिव्या सगळ्यांनाच येत नाहीत, थोड्यांनाच येतात. शिंक जशी थोडा वेळ दाबता येते तसं हेही दाबता येतं, मग दुप्पट जोराने बाहेर पडतं. कामात मन गुंतलं की कमी होतं आणि घाबरला की वाढतं. म्हणजे जे मी सोंगाचा पुरावा धरून बसलो होतो, तेच आजाराचं लक्षण निघालं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, टोनही हाच शब्द का? त्याने गळ्यातला गमछा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "नातू तिच्या पायावर होता ना, बाई. मनात आलं, इथं तो शब्द निघाला तं काय होईन. असं मनात आलं, की निघतेच."

परत येताना गाडीत मी त्याची माफी मागितली. माफी मागायची मला सवय नव्हती, शब्द जुळेनात. म्हटलं, मी हात उचलायला नको होता. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जाऊ द्या साहेब. मले लोकायनं लई मारलं. पन डाक्टरकडं पयल्यांदा तुमीच नेलं."

डॉक्टरी अभिप्राय जोडून अहवाल न्यायालयात पाठवला, आणि पुढे तिथे ते प्रकरण मिटलं. अहवाल गेला त्याच दिवशी मी मोठ्या समाधानाने दाईला सांगायला गेलो. आजाराचं नाव सांगितलं, त्याच्या मनात काही नव्हतं हे सांगितलं, तो तुझी माफी मागतो हेही सांगितलं. वाटलं, बाईचं ओझं उतरेल.

ती म्हणाली, हे तर मला ठाऊकच होतं. त्याच्या मुलाला तेल लावायला जायची तेव्हापासून ती त्याच्या शिव्या ऐकत होती. याहून वाईट ऐकल्या होत्या. शिवी देऊन तो आत पळायचा आणि तिला भिंतीपलीकडून त्याचं रडणं ऐकू यायचं. म्हणून तर तिने तक्रार केली नव्हती. त्याने मला टोनही केलं नाही साहेब, ती म्हणाली, आणि हात लांब करून समोरच्या खिळ्यांच्या चौकटी दाखवल्या.

मग तिने मला विचारलं. माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, नात दीड महिन्याची होती. ठाण्यात पेढे वाटले होते, बीटच्या शिपायाने ते गल्लीतही सांगितलं असणार.

"तुंहर घर मा नान्हे लइका हे ना, साहेब? मोर हाथ मा देहू?"

तुमच्या घरी तान्हं बाळ आहे ना? माझ्या हातात द्याल?

मी गप्प राहिलो. दोन सेकंद असतील, तीन असतील. मी शिकलेला माणूस, कायद्याचा रखवालदार, तिच्यासाठी गुन्हा नोंदवणारा मीच. आणि माझी जीभ हलेना. शेवटी मी म्हणालो, "बघतो." पोलिसाच्या तोंडचा हा शब्द सगळ्या जनतेला चांगला माहीत आहे. तिलाही माहीत होता. ती हसली आणि आत गेली.

त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती काही वाईट बाई नाही. पण म्हणाली, "भिलाईत दुसऱ्या बाया नाई काय? हिलेच कावून?" एरवी मी तिच्यावर ओरडलो असतो. पण दोन तासांपूर्वी मीच बघतो म्हणून आलो होतो, कोणत्या तोंडाने ओरडणार? आत मुलगी बाळाला थोपटत होती. तिने सगळं ऐकलं होतं. आमची पोरं अर्ध्यातून हिंदीत शिरतात. ती बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, आप खुद मानते हो क्या ये सब?"

मी म्हटलं, नाही.

"मंग उद्या चला. अन् तिले इथं नका बोलवू. आपन तिच्या दारात जाऊ."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही गेलो. मी वर्दी घातली नाही, जीपही नेली नाही. वर्दीत गेलो असतो तर लोक म्हणाले असते, वरचा हुकूम आहे. बायकोने घरून तेलाची बाटली घेतली होती आणि नातीला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की ती पोर कुरकुरत होती.

दाईने आम्हाला बघितलं. दोनदा हात धुतले. परछीत पाय लांब करून बसली, पायांवर धुतलेलं लुगडं पसरलं आणि हात पुढे केले. माझ्या मुलीने आईच्या हातातून बाळ काढून घेतलं आणि त्या हातांत ठेवलं. दारादारात बाया येऊन उभ्या राहिल्या. नात आधी रडली, मग तेल लागायला लागलं तशी गप्प झाली आणि हातपाय ताणून द्यायला लागली.

तेवढ्यात क्रेनवाला घराबाहेर आला. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. समोरचं दृश्य बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. वळून आत जायला लागला, गमछा तोंडात कोंबला, भिंतीला धरलं. नाही जमलं. डोळे मिटले, मान झटकली आणि तोच शब्द, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोनही. टोनही.

माझी बायको अर्धी उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

दाईचा हात थांबला नाही. नातीच्या पोटावरून तिचा अंगठा जसा फिरत होता तसाच फिरत राहिला. वर न बघता, घरातल्या माणसाशी बोलावं तशी ती म्हणाली, "होगे बेटा, निकल गे. अब बइठ."

झालं बाळा, निघून गेलं. आता बस.

तो तिथेच पायरीवर बसला आणि पन्नाशीचा माणूस पोरासारखा रडला. माझ्या मुलीने कटोरीत आणखी तेल ओतलं. थोड्या वेळाने क्रेनवाल्याची सून आपलं बाळ घेऊन आली. तिचीही इतके दिवस हिंमत झाली नव्हती. ती दाईपाशी टेकली आणि म्हणाली, "दाई, हिच्यानंतर याले घ्या." माझ्या बायकोने सरकून तिला जागा करून दिली.

सगळं एका दिवसात निवळलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पुढच्या आठवड्यात बीटचा शिपाई गणनेत सांगायला लागला, साहेब, आज दोन दारांचे खिळे निघाले, आज आणखी एकाचा. काही शेवटपर्यंत निघालेच नाहीत. मी त्या गल्लीतल्या पुरुषांना ठाण्यात बोलावून एकच सांगितलं, की त्याच्या तोंडून तो शब्द त्या दिवशी तीनदा निघाला, आणि तो न ठरवता निघाला. तुम्ही तो इतके दिवस ठरवून चालवला. त्याला आजार आहे, तुम्हाला काय झालंय? एवढं बोलून त्यांना घरी पाठवलं. पण ज्यांनी बैगा बोलावला होता, त्यांच्यावरची कारवाई मी मागे घेतली नाही.

तरी एक गोष्ट मी विसरत नाही. न ठरवता निघालेल्या त्या शब्दानेही दाईचं नुकसान झालंच होतं. तिचे ते रिकामे दिवस खरे होते. कोणाचा दोष नाही म्हणून जखम होत नाही, असं नसतं. क्रेनवाल्यालाही ते कळत होतं, म्हणून तो अखेरपर्यंत रोज तिच्या घरचं पाणी भरून देत राहिला. तिनेही ते घेतलं.

नोकरीभर मी लोकांना प्रश्न विचारत आलो. मला खरा प्रश्न एकाच बाईने विचारला. त्यानंतर कोणाला निर्दोष म्हणण्याआधी मी मनात विचारायचो, याच्या हातात नात देशील? उत्तराला वेळ लागला, की समजायचो, अजून माझ्याच मनाचा तपास बाकी आहे. हे मला शिकवणाऱ्या दाईचा, माझी थप्पड कागदावर लिहिणाऱ्या मुन्शीचा आणि माझ्यापेक्षा शहाण्या माझ्या मुलीचा मी ऋणी आहे. नात आता शाळेत धावण्यात पहिली येते. बायको येईल त्याला सांगते, दाईच्या हातचे पाय आहेत ते.

मी रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी दाई गेली. निरोप मिळाल्यावर मी गेलो. गल्ली माणसांनी भरली होती, त्यातले निम्मे तिच्या पायांवर वाढलेले. तिरडीला पुढून खांदा क्रेनवाल्याने दिला होता. आईच्या तिरडीपाशी मार खाल्ल्यापासून तो कोणाच्याही मौतीला गेला नव्हता. आज त्याच्या तोंडात गमछा नव्हता.

कोपऱ्यावर वळताना त्याची मान झटकली आणि तो शब्द निघाला. मोठ्याने, सगळ्यांसमोर, तिच्याच तिरडीखाली. कोणी थांबलं नाही, कोणी मागे वळून बघितलं नाही. त्याच्या शेजारी खांदा देणारा दूधवाला, ज्याच्या दाराचा खिळा सगळ्यात उशिरा निघाला होता, तो हळूच म्हणाला, "होगे भैया, निकल गे. चल."

आणि आम्ही सगळे पुढे चालत राहिलो.